‘उधाण’मध्ये थांबलो ते वर्ष

बाबांचा उजवा हात आणि जीभ एकाच सकाळी गेली, आणि तेव्हापासून आमच्या घरात ते चमच्याने बोलायला लागले. खाटेच्या लोखंडी दांड्यावर एकदा चमचा वाजला की पाणी, दोनदा वाजला की कुशीवर वळवायचं, आणि वाजतच राहिला की आई कुठे आहे असं विचारताहेत, हे आम्हाला आठवड्याभरात कळायला लागलं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बाबांची खाट, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि बाकी सगळं. खालच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर दिवसभर ऐकू यायची आणि वारा फिरला की जेटीवरचा वास थेट जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. आमचं मूळ गाव नाटे. बाबा तांडेल होते. ट्रॉलर दुसऱ्याचा, पण समुद्रात गेल्यावर जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी परत फिरायचं हे ते ठरवायचे आणि दहाबारा खलाशी त्यांचं ऐकायचे. गणपती झाल्यानंतरच्या एका फेरीत ते ट्रॉलरवरच कोसळले. किनारा लांब होता. परत आणेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्यांच्याबरोबरचे खलाशी पहिले काही महिने दर फेरीनंतर पिशवीतून वाटा आणून द्यायचे. बांगडे असले तर आई तिरफळं घालून दाट कालवण, आमच्याकडचं तिकलं, करायची आणि त्यातलाच एक बांगडा काटे काढून, बोटांनी अगदी लोण्यासारखा कुस्करून बाबांच्या पेजेत कालवायची. नंतर पिशवी कमी होत गेली. त्यात कोणाचा दोष नव्हता, ट्रॉलरवर नवा तांडेल आला होता. आई सकाळी कोळंबी सोलायला शेडमध्ये जायची, दुपारी परत येऊन बाबांची आंघोळ, मालीश. तिच्या बोटांची टोकं कोळंबीच्या काट्यांनी कायम फुटलेली असायची, म्हणून मालीश ती तळहातांनी करायची.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि फुटबॉल खेळून पगार घ्यायचो. रत्नागिरीत हे सांगितलं की लोक आधी हसायचे. क्रिकेटचं समजू शकतो, कबड्डीचं समजू शकतो, फुटबॉलचा पगार कोण देतो? आमचा क्लब द्यायचा. ‘उधाण’ त्याचं नाव. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर सुर्वे सर यांनी तो उभा केला होता. मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका फॅक्टरीचे मालक, ज्यांना सगळं गाव नुसतं शेठ म्हणायचं, ते त्यामागे होते. आम्ही राज्याच्या लीगमध्ये खेळायचो, मुंबई-पुण्याच्या संघांकडून बहुधा मार खायचो आणि कधीकधी त्यांनाही खायला लावायचो. मी स्टॉपर होतो, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. उंची आणि डोकं या दोनच गोष्टी मला देवाने दिल्या होत्या, बाकीचं सगळं सुर्वे सरांनी दिलं.

यातलं बाकीचं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधीच्या वर्षी माझ्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. आठ महिने मी बॉलला पाय लावला नाही. करारात स्पष्ट लिहिलं होतं की तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ खेळता आलं नाही तर क्लबला करार मोडता येईल. सरांनी मोडला नाही. आठही महिने पगार आला. आणि रोज सकाळी साडेसहाला सर स्वतः त्यांच्या जुन्या स्कूटरवरून आमचा चढ चढून यायचे, पुढच्या खोलीतल्या फरशीवर सतरंजी टाकायला लावायचे आणि माझा पाय हातात धरून तो वाकवायचे. मी ओरडायचो. ते म्हणायचे, “ओरड, पण पाय सैल सोड.” आज माझे दोन्ही गुडघे पावसाळ्यात जिना चढताना कुरकुरतात. चाळिशी ओलांडलेला फुटबॉलवाला म्हणजे म्हाताराच. पण तो डावा गुडघा अजून वाकतो तो त्या माणसामुळे.

गोव्याच्या क्लबचा फोन आला तो जानेवारीतल्या एका सोमवारी, प्रॅक्टिस संपवून मी बूट सोडत असताना. म्हापशाच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांनी मला पाहिलं होतं. त्यांचा स्टॉपर जायबंदी झाला होता. मॅनेजर कोकणीमिश्रित मराठीत सावकाश बोलत होते. दोन वर्षांचा करार, पगार इथल्यापेक्षा कितीतरी जास्त, राहायला घर, आणि आई-वडिलांच्या आजारपणाचा खर्च क्लबच्या विम्यातून. बाबांबद्दल त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. “पण खेळाडूंच्या बदल्यांची मुदत शुक्रवारी पाचला संपते,” ते म्हणाले. “तुमच्या क्लबाची एनओसी त्याच्या आधी पाहिजे. नपेक्षा आम्ही दुसऱ्याक घेणार.”

मंगळवारी मी सुर्वे सरांच्या घरी गेलो. त्यांनी ओटीवर मला चहा दिला आणि मी सांगत असताना एकदाही मध्ये बोलले नाहीत. आमचे लीगमधले पाच सामने राहिले होते आणि आम्ही शेवटून दुसरे होतो. खाली घसरलो तर शेठ हात काढून घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. हात काढला तर क्लब बंद, आणि क्लबमधल्या बावीस जणांपैकी तीन-चार सोडले तर कोणाला दुसरीकडे जागा मिळण्यासारखी नव्हती.

“कागदाप्रमाणे तू जूनपर्यंत आमचा आहेस,” सर शेवटी म्हणाले. “मी एनओसी दिली नाही तर तुला जाता येणार नाही. पण मी तसं करणार नाही. तू माग, मी सही करतो.”

“तुम्हाला काय वाटतं, सर?”

“मला वाटतं ते तुला माहीत आहे. ते मी बोललो तर तू माझ्यासाठी थांबशील, आणि ते मला नको.” मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. त्या नजरेचा मला राग आला. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं.

बुधवार आणि गुरुवार कसे गेले ते नीट आठवत नाही. आई शेडमधून येताना माझ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. गुरुवारी दुपारी मात्र तिने ताटं घासायचं टाकून पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. माझी बहीण मनाली घरीच होती. ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान, कोल्हापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीला आली ती बाबांसाठी रजा टाकून राहिली होती. जानेवारी संपला की जाईन, असं म्हणायची. बाबांना वळवणं, त्यांच्या पाठीला जखम होऊ न देणं, हे आम्हा सगळ्यांना तिनेच शिकवलं होतं. त्या वेळी ती खाटेशी बसून बाबांना पेज भरवत होती.

“जा तू,” आई म्हणाली. “इथं राहून काय करनारेस? हे काय आज-उद्या उठून ट्रॉलरवर जानारे नायत.”

“सरांनी आठ महिने माझ्यासाठी केलं, आई.”

“केलं ना. मी नाय म्हणतेय काय? पण ते सर हायत, त्यांना पेन्शन हाय. आपल्याला काय हाय?”

“बावीस जण आहेत क्लबात. त्यांच्या घरी पण आया आहेत.”

“त्यांच्या आया बघतील त्यांचं.” ती हे रागाने नाही, थकून म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुझ्या बाबांना विचार. ते काय म्हणतात ते कर.”

मी खाटेजवळ गेलो. बाबांना सगळं कळत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, फक्त शब्द बाहेर येत नव्हते. मी त्यांच्या कानाशी वाकून गोव्याचं सांगितलं, क्लबचं सांगितलं, उद्या पाचपर्यंत ठरवायचंय हे सांगितलं. ते माझ्याकडे एकटक बघत राहिले. तोंड वाकडं झालं, मानेची शीर ताणली गेली, आणि आवाज आला, “रा… रा…” पुढचं अक्षर काही येईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“राहा म्हणताहेत,” मी म्हणालो.

आई खाटेच्या पायाकडे बघत होती. मनालीने वर पाहिलं, बाबांच्या हनुवटीवरची पेज फडक्याने पुसली आणि पुढचा चमचा भरला.

ते खरंच राहा म्हणत होते का? पुढे त्यांची जीभ थोडी सुटल्यावर मी त्यांना विचारलं होतं. त्यांना ती दुपार आठवतच नव्हती. कदाचित त्यांना राहू दे म्हणायचं असेल, पेज राहू दे, पोट भरलं. आज मला एवढंच सांगता येतं की जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. मला थांबायचं होतं. सरांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, आणि हे स्वतःचं म्हणून बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मी ते आजारी माणसाच्या तोंडी घातलं.

शुक्रवारी साडेचारला मी गोव्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मॅनेजर म्हणाले, “बरें,” आणि फोन ठेवला. सरांना मी मैदानावर सांगितलं, “बाबा म्हणाले, राहा.” त्यांनी मान हलवली, शिट्टी तोंडात धरली आणि ती वाजवायला त्यांना थोडा वेळ लागला.

नंतरचे तीन महिने मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं फुटबॉल खेळलो. पाचपैकी दोन जिंकलो, एक हरलो, एक बरोबरीत. शेवटचा सामना पुण्याच्या संघाशी होता, आमच्याच मैदानावर, आणि आम्हाला निदान बरोबरी हवी होती. एक-एक झालं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत ते आमच्या अंगावर नुसते कोसळत होते. आमचा गोलकीपर एकदा पुढे आला आणि चुकला, बॉल त्याच्या डोक्यावरून रिकाम्या गोलकडे निघाला. मी धावलो ते आठवतं. बॉल रेषेवर असताना मी तो पायाच्या टोकाने बाहेर ढकलला आणि स्वतः खांबावर आदळलो. खांद्याला लागलं, उठता येईना, पण शिट्टी झाली आणि पोरं माझ्या अंगावर पडली. आम्ही लीगमध्ये टिकलो.

या तीन महिन्यांत मनाली कोल्हापूरला परत गेली नव्हती. सकाळी सातच्या आत डबा घेऊन बाहेर पडायची आणि संध्याकाळी यायची. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात शिकायला जाते, असं तिने सांगितलं होतं, पुढच्या वर्षी कॉलेजात त्याचा उपयोग होईल. मी बरं म्हटलं होतं. माझ्या डोक्यात शनिवारचे सामने होते. तिच्या अंगाला फिनाइलचा वास येतो की मासळीचा, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या त्या घरात मासळीचा वास कोणाला वेगळा कळणार होता, अशी मी स्वतःची समजूत घालतो.

एप्रिलमध्ये क्लबने माझा सत्कार ठेवला. हॉल गच्च भरला होता, पंखे चालू असूनही घामाने शर्ट पाठीला चिकटले होते. बाबांजवळ शेजारणीला बसवून आई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारची खुर्ची मनालीसाठी ठेवलेली, ती रिकामी होती. सर बोलले, थोडंच बोलले. मग शाल आणि श्रीफळ द्यायला शेठ उठले. शेठ मोकळे गृहस्थ, मनात येईल ते बोलणारे. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते माइकमध्ये म्हणाले, “आजकाल पैशापुढे शब्द कोण पाळतो? याने पाळला. आणि मंडळी, तुम्हाला एक गंमत सांगतो. याची बहीण, मनाली, आमच्याच फॅक्टरीत आहे पॅकिंगला. जानेवारीअखेरपासून एक खाडा नाही. आजसुद्धा म्हणाली, माल निघायचाय, मी थांबते. म्हणजे एका घरातली दोन माणसं आमच्याकडे, आणि दोन्ही सोनं.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती, म्हणजे तिला माहीत होतं. नारळ हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. फोटोवाल्याने दोनदा हसायला सांगितलं.

कार्यक्रम संपायच्या आधीच मी निघालो आणि रिक्षा करून फॅक्टरीच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. उन्हं कलली होती. पाळी सुटली तशा बायका घोळक्याने बाहेर यायला लागल्या. मनाली एकटीच मागून आली. मला बघून थबकली. तिचे हात बर्फात राहून पांढरेफटक झाले होते, बोटांवर सुरकुत्या, जणू दुसऱ्याच कोणाचे हात तिला लावलेत.

“शाल कुठे ठेवलीस?” तिने विचारलं.

“कॉलेज?”

“नाव काढलं. डिसेंबरातच. दुसऱ्या सत्राची फी भरायची होती तेव्हा.”

“मला सांगायचं नाही?”

ती चालायला लागली. मी बरोबर चालत राहिलो. बऱ्याच अंतरावर गेल्यावर ती म्हणाली, “तू आईला विचारलंस. सरांना विचारलंस. बाबांना बोलता येत नाही, त्यांना पण विचारलंस. मी तिथंच बसले होते, दादा. चमचा हातात घेऊन.”

“तू जा म्हणाली असतीस?”

“मी काय म्हणाले असते ते आता कशाला? म्हणाले असते, मला पण परत जायचंय. तेवढंच.” तिचा आवाज चढला नव्हता. “तू थांबलास ते चुकलं, असं मी म्हणत नाही. सरांनी तुझ्यासाठी केलं ते मी बघितलंय. पण कोणीतरी पगार आणायला हवा होता आणि तू ठरवून टाकलं होतंस की तो इथलाच पुरेल. गोव्याच्या पैशात माझं नाव परत घालता आलं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी गोव्याला फोन केला. त्यांनी केरळचा एक स्टॉपर घेतला होता आणि तो छान खेळत होता. मग सरांकडे गेलो. जूनमध्ये करार संपल्यावर मी सही करणार नाही, असं सांगितलं आणि कारणही सांगितलं. “मला वाटलं घरात सगळ्यांचं मत घेतलंयस,” ते म्हणाले. “तू बाबांचं नाव घेतलंस आणि मी सुटलो. मीच यायला हवं होतं चढ चढून, विचारायला.” त्यांनी मला दोष दिला नाही, आणि त्याने बरं वाटलं असंही नाही. माझ्यानंतर ‘उधाण’ आणखी एक वर्ष चाललं. मग शेठचं लक्ष दुसरीकडे गेलं. त्या बावीस जणांतले काही अजून जेटीवर भेटतात. एकजण अजूनही माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

जूनमध्ये ट्रॉलर बंदरात लागले, जाळी घरी आली. त्याच सुमारास कोल्हापूरच्या एका क्लबचं पत्र आलं. गोव्याइतकं मोठं काही नव्हतं, पण वर्षाचा पक्का करार होता. मी तो कागद मनालीसमोर ठेवला आणि म्हटलं, “वाच आणि सांग.” तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी पेन्सिलने खूण केली आणि म्हणाली, “विचार करू दे.” दोन दिवस ती कामावर गेली आणि आली, काही बोलली नाही. दुसऱ्याच्या मनात काय ठरतंय याची वाट बघत बसणं काय असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. ती सुपात सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “कर सही. पण मी पण कॉलेजला परत जाणार. पहिल्या वर्षापासून करावं लागलं तरी. मग बाबांचं कोण बघणार, ते तू सांगायचं.”

“बघू आपण.”

“बघू नको. सांग.”

“सगळेच जाऊ कोल्हापूरला,” मी म्हणालो. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, त्या क्षणी सुचलं. “दोन खोल्या तिथंही मिळतील. बाबांना घेऊन जातो.”

आईच्या हातातलं काम थांबलं. मनाली माझ्याकडे बघत राहिली, मग तिने डोळ्यांनीच खाटेकडे खूण केली. “आधी त्यांना विचार.”

तोपर्यंत बाबांना एकेक शब्द जुळवता यायला लागला होता, फक्त वेळ द्यावा लागायचा. मी खाटेशी बसलो. या वेळी मी वाकून कानात बोललो नाही, समोर बसून सांगितलं. समुद्र नाही तिथे, हेही सांगितलं. आणि गप्प बसलो. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आई पुढे येऊन काही सुचवायला लागली तर मनालीने तिचा हात धरला. बर्फाच्या कारखान्याची घरघर बंद होती, मासेमारी थांबली होती ना, त्यामुळे घर फार शांत होतं.

“तिथं… मासे,” बाबा म्हणाले, “कुठले… मिळतात?”

“नदीचे,” मी म्हणालो.

त्यांनी तोंड असं काही वाकडं केलं की ते आजाराने नाही, हे आम्हाला तिघांनाही कळलं. गणपतीनंतर पहिल्यांदा आई हसली. बाबा खिडकीकडे बघत राहिले. आम्ही थांबलो. बराच वेळ गेला, सुपातली सुकट निवडून झाली, मनालीने ती डब्यात भरली. मग त्यांनी डावा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, “चल.”